चेहऱ्याला काम नसलं की तो ताठरतो

प्रश्न: हौस म्हणून काही वर्षं लोकांचे फोटो काढतो आहे आणि आता पोर्ट्रेट हाच व्यवसाय करावा असं वाटतं. ओळखीच्या माणसांचे फोटो चांगले येतात, पण अनोळखी माणूस समोर बसला की लाकडासारखा होतो. व्यावसायिक फोटोग्राफर तेव्हा काय करतात? रोजचं काम प्रत्यक्षात कसं असतं? आणि पैसे घेऊन दुसऱ्याला आवडेल असा फोटो काढताना आपलं स्वतःचं काही उरतं का?

उत्तर:

लाकूड होण्यापासूनच सुरुवात करतो.

माणूस बोलत असतो तेव्हा त्याचा चेहरा रिकामा नसतो. ऐकणं, पटलं-न पटल्याची खूण देणं, पुढचा शब्द शोधणं, हे सगळं तो न सांगता करत असतो. कॅमेरा वर आला की बोलणं थांबतं आणि चेहऱ्याचं काम संपतं. मग माणूस तो मुद्दाम चालवायला घेतो. ओठ किती ताणायचे, डोळे किती उघडे ठेवायचे, हनुवटी कुठे न्यायची. जन्मभर आपोआप झालेली गोष्ट ठरवून करायला गेलं की बिघडते. ओळखीच्यांचे फोटो तुम्हाला जमतात, कारण त्यांच्याशी चाललेलं तुमचं बोलणं कॅमेरा उचलल्यावरही तुटत नाही. अनोळखी माणसाला 'रिलॅक्स व्हा' म्हणण्यात अर्थ नाही, ती त्याच्यासाठी आणखी एक आज्ञा होते. त्याच्या चेहऱ्याला काम द्यावं लागतं.

त्याआधी स्वतःचा चेहरा सांभाळा. आपण कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनकडे बघत कपाळाला आठ्या घालतो. शटर स्पीड चुकलाय का, लाइट कमी पडतोय का, एवढंच आपल्या डोक्यात असतं. समोरच्याला मात्र वाटतं, मी वाईट दिसतोय. ती दोन मिनिटं पुढचा अर्धा तास खाऊन टाकतात. म्हणून माणूस येण्याआधी लाइट लावून, कुणाला तरी खुर्चीत बसवून एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते, नक्की करून ठेवायचं. तो आल्यावर कॅमेऱ्याच्या बटणांना शक्यतो हात लावायचा नाही.

कॅनडातला फोटोग्राफर यूसुफ कार्शने ३० डिसेंबर १९४१ रोजी ओटावाच्या संसद भवनात विन्स्टन चर्चिलचा फोटो काढला. त्याने चर्चिलच्या तोंडातला सिगार काढून घेतला आणि चिडलेला तो चेहरा जगभर पोहोचला, ही गोष्ट प्रत्येक कार्यशाळेत सांगितली जाते. मला ती शिकवण म्हणून आवडत नाही. ती ऐकून तरुण फोटोग्राफर माणसांना डिवचायला लागतात, आणि चर्चिल नसलेला माणूस डिवचला गेला की नुसता दुखावतो. त्या प्रसंगातल्या दुसऱ्या दोन गोष्टी मला जास्त कामाच्या वाटतात. कार्शने लाइट आणि कॅमेरा आदल्या संध्याकाळीच लावून ठेवले होते. त्यामुळे मिळालेला अगदी थोडा वेळ त्याला पूर्ण माणसावर खर्च करता आला. आणि त्या रागीट फ्रेमनंतर लगेच त्याने हसऱ्या चर्चिलचीही एक फ्रेम घेतली होती. म्हणजे आपण ज्याला चर्चिलचा चेहरा म्हणतो, तो काही क्षणांच्या अंतराने घेतलेल्या दोन चेहऱ्यांमधून निवडलेला आहे. निवडीकडे पुढे येतो.

आता चेहऱ्याला काम कसं द्यायचं ते. मी माणसाला त्याच्या कामाची कृती विचारतो. 'तुम्हाला काय वाटतं' असं विचारलं की माणूस सावध होतो. 'हे तुम्ही नेमकं कसं करता, पहिल्यांदा काय करता' असं विचारलं की हात हलायला लागतात, डोळे आठवणीत जातात आणि कॅमेरा मागे पडतो. विणकाम करणाऱ्यापासून सर्जनपर्यंत कुणालाही हा प्रश्न चालतो. विनोद सांगण्याच्या भानगडीत मी पडत नाही. विनोदावर येणारं हसू फोटोग्राफरचं मन राखायला आलेलं असतं आणि ते दिसतं.

बोलत असतानाच्या फ्रेम बहुतेक वाया जातात, कारण तोंड अर्धवट उघडं असतं. उत्तर संपतं आणि आपल्याला ते कळलं का हे बघायला माणूस डोळे वर करतो, ती फ्रेम घ्यायची. त्या वेळी चेहऱ्यावर एक प्रश्न असतो आणि तो आपल्यासाठी असतो. पोर्ट्रेटमध्ये 'डोळे बोलतात' असं लोक म्हणतात तेव्हा पुष्कळदा त्यांनी हाच क्षण पाहिलेला असतो. हसण्याचंही तसंच. खळखळून हसताना डोळे मिटतात आणि हिरड्या दिसतात. हसू ओसरायला लागतं तेव्हा ओठ जागेवर येतात, पण डोळ्यांभोवतीचे स्नायू अजून त्यात असतात. द्युशेन या फ्रेंच डॉक्टरने १८६२ साली चेहऱ्याच्या स्नायूंवरचं काम प्रसिद्ध केलं, त्यात हा फरक नोंदवला आहे. ओठांचे कोपरे वर नेणारा स्नायू हुकमात असतो, डोळ्यांभोवतीचा सहसा हुकूम ऐकत नाही. व्ह्यूफाइंडरमध्ये मी खालच्या पापणीकडे बघतो. ती किंचित वर आली नसेल तर ओठ कितीही हसोत, बटण दाबत नाही.

कॅमेऱ्याआडून बोललेलं समोरच्याला एका काळ्या गोलाने बोलल्यासारखं वाटतं. म्हणून शक्य तिथे मी कॅमेरा स्टँडवर लावतो आणि रिमोट घेऊन शेजारी उभा राहतो. रिचर्ड अ‍ॅव्हेडनने १९७९ ते १९८४ या काळात अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या कामगारांचे, भटक्यांचे फोटो काढले तेव्हा तो ८ बाय १० इंची फिल्मच्या मोठ्या कॅमेऱ्याच्या बाजूला उभा राहत असे. मागे पांढरा कागद, सावलीतला उजेड, आणि डोळ्यांत डोळे. त्या कामाला सुमारे १७ हजार फिल्मशीट लागल्या. एवढ्या जड कॅमेऱ्याने घाई करता येत नाही. आजच्या कॅमेऱ्याने सेकंदाला वीस फ्रेम घेता येतात, पण खटाखट आवाज सुरू झाला की माणूस पुन्हा स्वतःकडे बघू लागतो. मुलं आणि नाचणारे सोडले तर मी बर्स्ट (बटण दाबून धरलं की सलग फोटो घेण्याची सोय) बंद ठेवतो.

शरीरालाही काम लागतं, ते लवकर सांगून टाकतो. उंच स्टूल दिलं तर पाय कुठे ठेवायचे या विचारात माणूस सरळ होतो. फार मऊ सोफ्यात तो बुडतो आणि गळ्याला वळ्या पडतात. टेकायला काहीतरी द्या: भिंत, टेबलाची कड, खुर्चीची पाठ. अर्विंग पेनने १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टुडिओत दोन फळ्या चिंचोळ्या कोनात उभ्या केल्या आणि नामवंतांना त्या कोपऱ्यात उभं केलं. कुणी भिंती ढकलल्या, कुणी अंग चोरलं, कुणी नुसतं रेललं. जागा अडचणीची झाल्यावर शरीराला काहीतरी ठरवावंच लागलं. हात कॅमेऱ्याकडे पंजाने न येता कडेने आले की बारीक दिसतात. हनुवटी आधी थोडी पुढे, मग किंचित खाली. सतत पापण्या मिटणाऱ्याला डोळे बंद करायला सांगून 'उघडा' म्हणायचं आणि लगेच एक फ्रेम घ्यायची. चष्म्यात लाइट चमकत असेल तर लाइट वर न्या किंवा चष्म्याच्या काड्या कानावरून जराशा उचला. श्वास सोडताना खांदे आपोआप खाली येतात. (१८४०च्या दशकात एक्स्पोजरला इतका वेळ लागे, की डोकं हलू नये म्हणून मानेमागे लोखंडी आधार लावत. आधार गेला, तरी काही जण अजून तो असल्यासारखेच बसतात.)

पहिल्या काही मिनिटांतले फोटो मी कुणालाही दाखवत नाही. दाखवले की माणूस आपल्या नाकाची, केसांची, पोटाची तपासणी सुरू करतो आणि पुढचा सगळा वेळ ते झाकण्यात जातो. त्याला स्वतःचा फोटो आवडत नाही, त्यालाही कारण आहे. तो स्वतःला आरशात, म्हणजे उलटा बघत आलेला असतो. १९७७ च्या एका प्रयोगात लोकांना स्वतःची आरशातली प्रतिमा जास्त पसंत पडली आणि त्यांच्या मित्रांना खरी, सुलटी. त्यामुळे 'मी असा दिसतच नाही' असं कुणी म्हणालं की मी वाद घालत नाही. घरच्या कुणाला सोबत बसवून निवड करा, एवढंच सुचवतो.

लेन्सबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण ताठरण्याशी अंतराचाही संबंध आहे. चेहऱ्याची प्रमाणं लेन्सने बदलत नाहीत, अंतराने बदलतात. सुमारे ३० सेंटिमीटरवरून काढलेल्या सेल्फीत नाक दीड मीटरवरून दिसतं त्यापेक्षा जवळजवळ ३० टक्के रुंद दिसू शकतं, असं २०१८ च्या एका अभ्यासात गणिताने दाखवलं आहे. दीड-दोन मीटरवरून चेहरा ओळखीचा दिसतो, आणि तिथून फ्रेम भरायला फुल फ्रेम (३५ मिलिमीटर फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर ८५ ते १०५ मिलिमीटरची लेन्स सोयीची पडते. हे अंतर बोलण्याच्याही सोयीचं आहे. २०० मिलिमीटरने पार्श्वभूमी सुंदर वितळते, पण तुम्ही इतके लांब जाता की ओरडून बोलावं लागतं, आणि ओरडून कुणाचं मन मोकळं होत नाही. ८५ ची लेन्स एफ १.४ वर, म्हणजे तिचं छिद्र (अ‍ॅपर्चर) खूप मोठं उघडून, दीड मीटरवरून फोटो काढलात तर जेमतेम अडीच सेंटिमीटर भाग स्पष्ट येतो. चेहरा जरा वळलेला असेल तर एक डोळा धारदार आणि दुसरा धूसर. मी एफ ४ च्या आसपास, म्हणजे छिद्र लहान करून काम करतो. महागड्या लेन्सचं सगळं अ‍ॅपर्चर वापरलंच पाहिजे असा नियम नाही.

उजेडासाठी एक मोठी खिडकी आणि समोरून उजेड परतवायला एक पांढरा थर्माकोल यावर बरीच वर्षं निघू शकतात. उजेडाचा स्रोत चेहऱ्याच्या मानाने जितका मोठा आणि जवळ, तितक्या सावल्या मऊ. माणूस खिडकीपासून दुप्पट लांब गेला की उजेड झपाट्याने उतरतो, त्यामुळे खुर्ची हातभर सरकवणं हाही एक लाइटिंगचा निर्णय असतो. त्वचेच्या रंगाची मात्र काळजी घ्या. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी धरून हिशेब करतं. सावळा माणूस पांढऱ्या भिंतीपुढे बसला की ते त्याला काळवंडून टाकतं. गेल्या शतकात रंगीत प्रिंटचे रंग जुळवायला वापरायची नमुना कार्डंही दीर्घकाळ गोऱ्या बायकांच्या फोटोंचीच असत, आणि सावळ्या चेहऱ्यांनी त्याची किंमत मोजली. हातातलं मीटर चेहऱ्याजवळ धरून मोजा, आणि पुढे एडिटिंगमध्ये कुणाचा रंग 'उजळवू' नका. मागितलं तरी.

रोजचं काम. कॅमेरा हातात असण्याचा वेळ त्यात फार थोडा. फोनवर बोलणं, फोटो कशासाठी हवा आहे ते काढून घेणं (नोकरीच्या अर्जासाठी, पुस्तकाच्या मलपृष्ठासाठी की भिंतीवर लावायला, यावर सगळं ठरतं), कपड्यांबद्दल सांगणं, लाइट लावणं, मग शूट. त्यानंतर खरं लांबलचक काम: फाइली दोन ठिकाणी उतरवणं, एक प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवणं, निवड, रंग, रीटचिंग (फोटोतले डाग-खुणा पुसणं), पाठवणं, थकलेल्या पैशांची आठवण करणं. दिवसाला मी दोनपेक्षा जास्त माणसं घेत नाही. शरीर थकत नाही, पण लक्ष देऊन ऐकणं संपतं, आणि ते संपलं की तिसऱ्या माणसाला माझी पाठ केलेली वाक्यं ऐकावी लागतात.

या सगळ्यात निवड सगळ्यात महत्त्वाची, आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. शूटच्या दिवशीच निवडायला बसू नका. त्या दिवशी आपल्याला माणूस आठवत असतो, फोटो दिसत नसतो. ज्या फ्रेमच्या वेळी छान गप्पा झाल्या ती चांगलीच वाटते. दोन दिवसांनी ती साधी निघते आणि ज्या फ्रेमकडे लक्षच गेलं नव्हतं तिच्यात काहीतरी दिसतं. शंभर फ्रेममध्ये एक माणूस थकलेला, उर्मट, घाबरलेला, प्रेमळ असा सगळा असतो. त्यातलं कोणतं रूप जगापुढे जाईल हे आपण ठरवतो. हा अधिकार फार मोठा आहे, आणि तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे.

आपलं स्वतःचं उरतं का? उरतं, पण पैसे कुणी दिले यावर ते कुठे उरतं हे ठरतं. अर्नोल्ड न्यूमनने १९६३ मध्ये एसेनच्या कारखान्यात आल्फ्रीड क्रुप या जर्मन उद्योगपतीचा फोटो काढला. क्रुपला दुसऱ्या महायुद्धात गुलाम मजूर वापरल्याबद्दल शिक्षा झालेली होती आणि न्यूमन ज्यू होता. त्याने दोन बाजूंनी असा लाइट लावला आणि त्याला असं पुढे झुकायला सांगितलं, की तो सैतानासारखा दिसला. क्रुप चिडला. मी तो फोटो योग्य मानतो, कारण न्यूमन एका नियतकालिकासाठी काम करत होता. हाच फोटो क्रुपने स्वतः पैसे देऊन काढवून घेतला असता तर ती फसवणूक झाली असती. ग्राहकाने पैसे दिले असतील तर त्याच्या मनातला चेहरा आधी द्यायचा, प्रामाणिकपणे, नाक न मुरडता. आउगुस्ट झांडर जर्मनीत शेतकऱ्यांपासून वकिलांपर्यंत सगळ्यांना त्यांना जसं दिसायचं असेल तसं उभं राहू देई, आणि त्याच्या फोटोंत माणसं सगळ्यात जास्त उघडी पडतात. माणूस स्वतःला कसा दाखवू बघतो, यातही त्याची ओळख असते.

मग शेवटची दहा मिनिटं मी माझ्यासाठी मागून घेतो. सरळ सांगतो, 'आता एक-दोन माझ्यासाठी. आवडले नाहीत तर कुठे दाखवणार नाही.' बहुतेक जण हो म्हणतात. काम झालं असं समजून ते सैल झालेले असतात, आणि माझ्या संग्रहातले बरेचसे फोटो या दहा मिनिटांतले आहेत. ते दाखवायची परवानगी मात्र लेखी घेतो. डोरोथिया लँगने १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात निपोमोजवळ एका मजूर आईचा फोटो काढला. नाव विचारलं नाही. तो विसाव्या शतकातल्या सर्वाधिक ओळखल्या जाणाऱ्या फोटोंपैकी एक झाला. त्या बाईचं, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसनचं नाव १९७८ मध्ये पुढे आलं, तेव्हा तिने त्या फोटोबद्दलची नाराजीच बोलून दाखवली. फोटो मोठा आहे, आणि तिची तक्रारही खरी आहे. मी दोन्ही गोष्टी मान्य करतो, एकीने दुसरी खोडत नाही. आपल्याला निदान एवढं करता येतं: नाव विचारा, आणि 'फोटो पाठवतो' म्हणालात तर पाठवा.

त्याच फोटोच्या कोपऱ्यात तंबूच्या खांबावर टेकलेला एक अंगठा दिसत होता, तो लँगने नंतर रीटच करून काढला. रीटचिंग संगणकाने आणलेलं नाही. माझा नियम असा की पंधरवड्यात जाणाऱ्या गोष्टी, म्हणजे मुरूम, ओरखडा, झोप न झालेल्या डोळ्यांखालचा काळेपणा, काढायच्या किंवा कमी करायच्या. तीळ, व्रण, सुरकुत्या ठेवायच्या. कुणी व्रण काढायला सांगितला तर कारण विचारतो, आणि शेवटी चेहरा त्याचा असल्यामुळे ऐकतो. जबडा किंवा नाक मात्र बदलत नाही.

फाइली किती वर्षं ठेवायच्या, असा प्रश्न नवे लोक विचारतात. जमेल तितकी. काही वर्षांनी फोन येतो, की तुम्ही आमच्या आईचा काढलेला फोटो मोठ्या आकारात हवा आहे, आणि आवाजावरूनच कळतं की का. तो फोटो मुळात कुठल्या नोकरीच्या अर्जासाठी काढला होता हे तेव्हा कुणाला आठवत नसतं. म्हणून साध्यातल्या साध्या पासपोर्टछाप कामातही मी एक फ्रेम जरा सैल, जरा मोठी घेऊन ठेवतो.

व्यवहाराचं थोडक्यात. निम्मे पैसे आधी घ्या, किती फोटो, कधी आणि कोणत्या वापरासाठी हे लिहून घ्या. मालकी हक्क काही देशांत फोटोग्राफरकडे राहतो, काही ठिकाणी पैसे देऊन फोटो काढवून घेणाऱ्याकडे जातो, त्यामुळे तुमच्याकडे काय आहे ते पाहून करारात स्पष्ट घाला. साध्या ओळखपत्री फोटोंचं काम फोन आणि एआय घेत चाललं आहे, त्यावर घर चालेल असं धरू नका.

नोकरी लगेच सोडू नका. आधी काही महिने सुट्टीच्या दिवशी अनोळखी माणसांना बोलवा, पैसे न घेता, पण प्रत्येकाला एक प्रिंट द्यायची या अटीवर. आणि एकदा तरी पैसे मोजून दुसऱ्या फोटोग्राफरच्या खुर्चीत बसून या. त्याच्या कोणत्या वाक्याने तुम्हाला बरं वाटलं आणि कोणत्याने नाही, हे तिथे जितकं कळेल तितकं माझ्या उत्तरातून कळणार नाही. खर्च करायचाच असेल तर नव्या लेन्सआधी मॉनिटर कॅलिब्रेट करायचं, म्हणजे त्याच्यावरचे रंग खरे दिसतील असं जुळवायचं उपकरण घ्या. चुकीच्या पडद्यावर दुरुस्त केलेली त्वचा प्रिंटमध्ये कावीळ झाल्यासारखी येते, आणि ती प्रिंट ग्राहकाच्या भिंतीवर वर्षानुवर्षं राहते.